किल्ली आमच्याच कमरेला

संगणकावरचे खेळ हा साहित्याच्या अध्यापकाने चारचौघांत काढावा असा विषय नव्हे. तरीही आज आम्ही अशाच एका खेळाविषयी, किंबहुना त्या खेळात आमच्या हातून घडलेल्या एका चोरीविषयी लिहीत आहोत.

खेळाचे नाव नेटहॅक. तो ‘रोग’ नावाच्या खेळाच्या वंशातला. (वाचकांनी दचकू नये, मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ लफंगा असा आहे.) नेटहॅकची पहिली आवृत्ती १९८७ सालची. ठिकठिकाणी विखुरलेल्या काही मंडळींनी संगणकांच्या जाळ्यावरून विचारविनिमय करीत तो रचला, म्हणून नावात ‘नेट’. त्याची सी भाषेतली संहिता कोणालाही उघडून वाचता येते. आमच्या जुन्या लिनक्स संगणकावर तो टर्मिनलच्या काळ्या चौकटीत चालतो. चित्रे नाहीत, आवाज नाही. टिंबे म्हणजे फरशी, रेघा म्हणजे भिंती, ‘डी’ हे अक्षर म्हणजे कुत्रा आणि @ हे चिन्ह म्हणजे आपण. अक्षरांवरून जग उभे करण्याची ज्याला सवय आहे, त्याला यात परके वाटावे असे काही नाही.

जमिनीखालचे मजल्यामागून मजले उतरत जायचे, तळाशी असलेला येंडोरचा ताईत मिळवायचा, पुन्हा वर यायचे आणि तो देवाला अर्पण करायचा, एवढीच कथा. पण मेलो की मेलो. डाव साठवून ठेवता येतो. मात्र तो पुन्हा उघडताच साठवलेली फाइल पुसली जाते. म्हणजे ती वाचनखूण आहे, पुनर्जन्म नव्हे. कॉकाट्राइस नावाच्या प्राण्याला उघड्या हाताने शिवलात तर दगड होता. शिळे मांस खाल्लेत तर विषबाधा. शेवटी पडद्यावर अक्षरांचेच एक थडगे उमटते. त्यावर आपले नाव, मृत्यूचे कारण आणि साल. गेल्या तीन वर्षांत अशी किती थडगी पाहिली, याची मोजदाद आम्ही सोडून दिली आहे.

आम्ही नेहमी पुरातत्त्ववेत्त्याची भूमिका घेतो. त्याच्याजवळ कुदळ आणि चाबूक असतो. कुदळ हाती दिसली की दुकानदार आत घेत नाहीत, हेही आमच्या पेशाला साजेसेच. मागच्या पावसाळ्यात एक डाव चांगला रंगला होता. नऊ हजारांवर चाली झाल्या होत्या. एका अरुंद वाटेवर निळ्या रंगाचा ‘ई’ आडवा आला. हा तरंगता डोळा. तो आपणहून कोणालाही इजा करीत नाही. मात्र जवळून त्याच्यावर वार करणारा जागच्या जागी थिजतो. हे आम्हांला ठाऊक होते. पण रात्रीचा एक वाजला होता, बोटांना घाई झाली होती. आम्ही वार केला आणि थिजलो. मागून एक बुटका कुऱ्हाड घेऊन आला. थडगे उमटले.

आणि इथेच ती चोरी. त्या संध्याकाळी, का कोण जाणे, साठवलेल्या डावाची एक प्रत आम्ही करून ठेवली होती. ती मूळ जागी ठेवायला व्यवस्थापकाचा अधिकार लागतो. पण संगणक आमचा, व्यवस्थापकही आम्हीच. परवलीचा शब्द टंकला, एका ओळीची आज्ञा दिली, आणि आमचा पुरातत्त्ववेत्ता जिवंत झाला. कोणी हटकले नाही. हटकणार कोण? किल्ली आमच्याच कमरेला होती.

त्यानंतरचे आठ दिवस आम्ही पूर्वी कधी नव्हे इतके खोल उतरलो. अनोळखी काढे बेधडक प्यालो, अनोळखी अंगठ्या बोटांत घातल्या. बिनसले की प्रत तयार होतीच. आता मागे वळून पाहतो, तर त्या आठ दिवसांतली एकही खोली आठवत नाही. उलट, चौथ्या मजल्यावर उपासमारीने मेलेल्या एका जुन्या, प्रामाणिक डावातला कारंजाचा कोपरा अजून डोळ्यांसमोर आहे. भय गेले, तसे लक्षही गेले होते.

त्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने एका कवितासंग्रहावरचा निबंध दिला. निबंध उत्तम होता आणि त्याचा नव्हता. एरवी आम्ही नीतीचे व्याख्यान झोडले असते. त्या दिवशी एवढेच विचारले, “यातली कोणती कविता लक्षात राहिली?” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, खरं सांगू? एकही नाही.” आम्हांला रागावता येईना. त्याला संग्रह दिला आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. हा न्याय होता की आमच्या अपराधाची भरपाई, हे आजही सांगता येत नाही.

गंमत अशी, की न मरता हिंडायची सोय खेळातच आहे. ‘एक्सप्लोअर’ नावाचा तो प्रकार निवडला की प्रत्येक मृत्यूच्या वेळी ‘मरायचे का?’ असे विचारले जाते आणि नकार देता येतो. फक्त तो डाव गुणांच्या यादीत धरला जात नाही. खेळाची तेवढीच अट आहे: जे केले, ते त्याच नावाने ओळखावे. आमची चोरी मरण चुकवण्यात नव्हती, चुकवले नाही असे भासवण्यात होती. आणि भासवायलाही तिथे आमच्यावाचून दुसरे कोणी नव्हते.

ती प्रत आम्ही पुसली. पुन्हा करण्यापासून आम्हांला कोणी अडवलेले नाही. परवलीचा शब्द तोच आहे. कुलूप दुसऱ्याने घातले असते तर मोडण्यात निदान पुरुषार्थ तरी वाटला असता.

असो. नवा पुरातत्त्ववेत्ता तूर्तास तिसऱ्या मजल्यावर आहे. भूक लागली आहे, आणि समोर कोणाचे तरी मांस पडले आहे. ते किती शिळे असावे, याचा विचार आम्ही कालपासून करीत आहोत.