उशिरा घेतलेला घोट

गेल्या माघात एका लग्नाच्या निमित्ताने नाशिकला जाण्याचा योग आला. परतण्याच्या आदल्या दिवशी दिंडोरी तालुक्यातील माझ्या मावसभावाकडे गेले. तब्बल वीस वर्षांनी मी त्याच्या घराची पायरी चढत होते.

आम्ही बडोद्याचे. १९६० साली गुजरात राज्य झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे. आमच्या घरात तर ती त्याही आधीपासूनची. महाराष्ट्र शासनाने २००१ साली वाइन-उद्योगाला उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. त्या उत्साहाच्या भरात दादाने २००४ मध्ये खाण्याच्या द्राक्षांची तीन एकर बाग मोडून ‘शेनिन ब्लांक’ ही वाइनची जात लावली. हे कळताच अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याच्याशी संबंध तोडला. पुढे २००९ साली करार केलेल्या कारखान्याने माल उचललाच नाही. द्राक्षे वेलींवरच सडली. तेव्हा अप्पांनी दादाला पत्र धाडले : ‘हे असेच व्हायचे होते.’ अप्पांचा हात कापत असे. त्या पत्रातले अक्षर माझे होते.

दादाने त्या पत्राचा विषय काढला नाही. “आधी बाग पाहा,” एवढेच म्हणाला. दोन एकर वेली त्याने तेव्हाच उपटून टाकल्या होत्या. एक एकर मात्र ठेवली होती. घड लहान, मणी दाटीवाटीने बसलेले, साल जाड, आत बिया. एक मणी तोंडात टाकला, तो आपल्या बाजारातल्या द्राक्षांहूनही गोड! “एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी,” दादा सांगत होता. “वर्षातून दोनदा वेल कापायची, पीक मात्र एकदाच.”

शेजारच्या गावात तिघा बागाईतदारांनी मिळून एक छोटी वायनरी काढली आहे. दादाचा माल आता तेथे जातो. पत्र्याची शेड, आत पोलादाच्या चार उंच टाक्या आणि सर्वत्र आंबूस गोड वास. पहाटेच्या गारव्यात तोडलेली द्राक्षे चिरडून रस लगेच सालींपासून वेगळा करतात. तांबड्या वाइनसाठी मात्र साली रसातच ठेवतात. मग यीस्ट घालून पंधरा अंशांच्या आसपास तो थंड राखायचा. उष्णता वाढली की सुगंध उडून जातो. आपण विरजण जपतो, तशीच ही राखण मला वाटली.

दादाने मागल्या हंगामाची बाटली उघडली आणि पेल्यात दोन बोटे वाइन ओतून माझ्यापुढे धरली. “नको असेल तर नुसता वास घे गं,” तो म्हणाला. वास अर्धकच्च्या पेरूचा होता, त्यात मधाची पुसट छटा. मी घोट घेतला. सरबतासारखे गोड लागेल ही माझी समजूत खोटी ठरली. प्रथम लिंबाचा आंबटपणा, मग हिरव्या सफरचंदाची चव, आणि शेवटी सालीचा किंचित कडवटपणा जिभेवर रेंगाळला. मला ती फार आवडली, असे म्हणवत नाही. दुसरा घोट मात्र मी आपणहून घेतला.

“अप्पांना एकदा नुसती बाग दाखवायची होती,” दादा म्हणाला. मला उत्तर सुचले नाही. अप्पांची तत्त्वे मला आजही मोलाची वाटतात. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे त्यांनी जवळून पाहिली होती. पण पीक सडलेल्या माणसाला ते पत्र लिहिताना मी लेखणी खाली ठेवली नाही, हे तत्त्वांत कोठे बसते?

निघताना वहिनींनी घरच्या बेदाण्यांची पुरचुंडी हाती दिली. बाटली बडोद्याला नेण्याचा प्रश्नच नव्हता. घरी आले आणि त्याच रात्री दादाला पत्र लिहावयास बसले. या वेळी मजकूरही माझाच होता.