तहान न जाणवणारे वाळवंट

लास व्हेगासचा झगमगाट मागे टाकून फेब्रुवारीतील एका सकाळी आम्ही उभयता मोटारीने डेथ व्हॅलीकडे निघालो. वस्ती विरळ होत गेली, मोबाइल मुका झाला आणि दोन-अडीच तासांत समुद्रसपाटीहून ८६ मीटर खोल असलेले बॅडवॉटरचे शुभ्र मिठाचे मैदान समोर पसरले.

याच खोऱ्यात १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. आम्ही गेलो तेव्हा मात्र हवा सुखद होती. मिठावरून परतताना यजमान एकाएकी थबकले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सकाळपासून त्यांनी जेमतेम दोन घोट पाणी घेतले होते. "अगं, तहानच लागली नाही," ते म्हणाले. सावलीत बसवून त्यांना थोडे थोडे पाणी पाजले, तेव्हा कुठे हुशारी वाटू लागली.

कोरड्या हवेत घाम क्षणात उडून जातो, म्हणून जाणवत नाही. उतारवयात तहानेची जाणीवही मंदावते. तेव्हापासून प्रवासात आम्ही तहानेची वाट पाहत नाही. घड्याळ पाहून पाणी पितो. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.