नोझल वाजला पाहिजे

जुनी पिकअप अ‍ॅव्हरेज देईना म्हणून माझ्याकडे येते, तोवर तिचा एअर फिल्टर बदललेला असतो, ब्रेकचे लायनर जाम आहेत का ते बघून झालेलं असतं, टायरची हवाही तपासलेली असते. माझ्याकडे गाडी येते ती नोझलसाठी. वावी, नांदूर शिंगोटे, डुबेरे या भागात कांदा-टोमॅटो वाहणाऱ्या जुन्या डीआय गाड्या अजून पुष्कळ आहेत. महिन्याला 3,000 किलोमीटर धावणारी गाडी लिटरला 12 वरून 10 वर आली की 50 लिटर डिझेल जास्त जातं. नव्वदीच्या भावाने साडेचार हजार रुपये झाले. 2014 च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलचे दर मोकळे केले, 2017 च्या जूनपासून ते रोज बदलू लागले. त्यानंतर मालक टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब वहीत मांडायला लागले, आणि माझं काम वाढलं.

नोझल टेस्टरवर लावला की काटा किती बारला उघडतो ते दाखवतो. स्प्रिंग थकलेली असेल तर शिम टाकून दाब बांधता येतो. उघडण्याच्या दाबाच्या वीसेक बार खाली दहा सेकंद धरून ठेवलं तरी टोकाला थेंब येता कामा नये. फवारा सगळ्या भोकांतून सारखा पडला पाहिजे. इथवर कुणीही येतो. पण हे सगळं बरोबर असूनही एखादा नोझल गाडीत बसवला की लिटरमागे अर्धा-पाऊण किलोमीटर खातो. असा नोझल ओळखायचा तो आवाजावर. हँडल सावकाश दाबत नेलं की चांगल्या नोझलची सुई भराभर उघडमीट करते आणि चर्र असा बारीक, कोरडा आवाज येतो. सुई गायडात किंचित अडत असेल किंवा सीट झिजली असेल, तर काट्यावर दाब तोच दिसतो आणि आवाज मात्र भरड, ओला येतो. असा नोझल डिझेल नीट फोडत नाही. मोठे थेंब पुरते जळत नाहीत आणि काळा धूर होऊन जातात. धूर डोळ्यांना दिसेपर्यंत मालकाचे कितीतरी लिटर गेलेले असतात.

ही पारख हे माझं भांडवल. संगमनेर, कोपरगावच्या गाड्या त्यासाठी येतात. चारचौघांत कुणी ‘मिस्त्री कानाने नोझल सांगतो’ म्हटलं की मला आवडतं, आणि ते ऐकू यावं म्हणून मी टेस्टर मुद्दाम दारातच ठेवलाय. गॅरेजातल्या कुठल्याही पोराला त्याचं हँडल मी कधी धरू दिलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात नाशिकला कानाची तपासणी केली. कागदावरची रेघ चार हजार हर्ट्झपाशी खाली घसरली होती. डॉक्टर म्हणाले, इंजिनाच्या आवाजात आयुष्य काढलेल्यांचं आधी तिथलंच जातं, आणि वयाने जातात तेही उंच, बारीक आवाजच. बोललेलं मला ऐकू येतं, टॅपेटही ऐकू येतो. चर्र मात्र त्याच पट्टीत बसतं. आता चांगल्या आणि बऱ्या नोझलमधला फरक मला हँडलच्या थरथरीवरून काढावा लागतो, आणि हाताचा हा अंदाज कानाइतका पक्का नाही.

नवीन माल टाका आणि मोकळे व्हा, असं म्हणणारे आहेत. इथून तीसेक किलोमीटरवर सातपूरला मायकोचा नोझलचा कारखाना. 2008 साली कंपनीचं नाव बॉश झालं, आमच्या तोंडी अजून मायकोच आहे. नवा नोझल मीही घालतो. पण चारांतला एकच बिघडलेला असताना चारही बदलायला लावणं मला पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणारे. ड्रायव्हर खूश होतो, गाडी उचलते, आणि अ‍ॅव्हरेज बसतं. काहीजण गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच काढून टाकतात. मग डिसेंबरच्या पहाटे माल भरून निघालेलं इंजिन नाशिकपर्यंत गरमच होत नाही, आणि थंड इंजिन डिझेल जास्त पितं. रेडिएटर साफ करायचा कंटाळा, दुसरं काय!

ड्रायव्हरांचंही एक सांगतो. मोहदरी घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. गिअरमध्ये पाय काढून उतरलात तर गव्हर्नर डिझेल बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये स्लोचं डिझेल जळत राहतं, आणि भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो.

कॉमन रेल गाड्यांचा मला राग नाही. पण त्यांच्या कामात स्कॅनरला विचारायचं असतं, आणि मला नोझलला विचारायची सवय. ते काम मी घेत नाही.

माझ्याकडे डुबेऱ्याचा एक पोरगा तीन वर्षं आहे. दिवाळीआधी एका गाडीचे चार नोझल मी पास करून ठेवले होते. तो पाना पुसता पुसता म्हणाला, “वस्ताद, तिसरा वाजत नाही.” मी परत लावला. काटा बरोबर, फवारा बरोबर. हाताला काहीच वेगळं लागेना. तो मात्र मान हलवत राहिला. शेवटी खोलला, तर सुईवर नखाला जेमतेम लागेल अशी एक रेघ. त्या रात्री मला झोप लागली नाही. गाडी वाचली याच्या आनंदापेक्षा हे त्याने ओळखलं हेच जास्त सलत होतं.

आता हँडल तो धरतो. दाब मी बांधतो, शिम मी निवडतो. पास की नापास ते तो सांगतो. जुन्या मालकांना एवढंच सांगणं आहे, ‘मिस्त्री, तुम्हीच बघा’ असा हट्ट धरू नका. तुमच्या डिझेलसाठी त्याचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे.