आम्हांस शिकवा

सावनेर तालुक्यातील खापा हे कन्हान नदीकाठचे विणकरांचे गाव. आता तेथील हातमाग पुष्कळसे थंडावले आहेत. तरीही एखाद्या बोळातून जाताना धोट्याची खटखट अजून कानी येते. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. या परिसरात आमच्या ओळखीची जी मोजकी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, त्यांतील काही खाणीवरच्या नोकरीनिमित्ताने आली आणि इथलीच होऊन गेली. महिन्यातून एकदा आम्ही तेथे जातो, कोणाच्या तरी घरी पवित्र मिस्सा अर्पण करतो, चहा घेतो आणि सायंकाळच्या बसने परततो.

उपवासकाळातील अशाच एका भेटीत आम्ही प्रार्थनेवर प्रवचन केले. विषय आमच्या हातखंड्याचा. तीन मुद्दे, एक दृष्टान्त आणि शेवटी कळकळीचे आवाहन. सेमिनरीत प्रवचनाच्या तासाला याच बांधणीबद्दल आम्हांस शाबासकी मिळाली होती आणि तीस वर्षे आम्ही त्या शाबासकीवर गुजराण केली, असे म्हटले तरी चालेल. मिस्सा आटोपली. मंडळी पांगली. त्या घरच्या आजी, वय सत्तरीच्या पुढे, दोन वर्षांपूर्वी विधवा झालेल्या, आमच्यापुढे चहाचा कप ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

“फादर, तुमी दर खेपी सांगता, प्रार्थना करा, प्रार्थना करा. पण कराची कशी, थे मले कोणं शिकवलंच नाही.”

आम्ही म्हणालो, “आजी, तुम्हांला तर सगळी रोझरी पाठ आहे.”

“पाठ हाय. पण बुवा गेल्यापासून तोंड बोलते अन् मन खाटेपाशीच राह्यते. थ्याले कसं आणू?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरे म्हणजे उत्तरे चार होती. पण ती सारी पुन्हा प्रवचनेच होती. देवावर भरवसा ठेवा, दुःख प्रभूच्या चरणी वाहा. यांतले एकही खोटे नाही. मात्र आजींनी विचारले होते ‘कसे’, आणि आमच्या वाक्यांत ‘कसे’ कोठेच नव्हते. बसची वेळ झाली आहे, असे काहीसे पुटपुटून आम्ही उठलो. बसला अजून पाऊण तास होता, हेही येथे कबूल केले पाहिजे.

त्या रात्री संत लूकचे शुभवर्तमान उघडले. प्रभू एके ठिकाणी प्रार्थना करीत होता. ती संपल्यावर शिष्यांतील एकाने, योहानाने आपल्या शिष्यांना शिकविले तसे आम्हांसही प्रार्थना करावयास शिकवा, अशी विनंती केली. हा उतारा आम्ही किती वेळा वाचला असेल! पण शिष्याने प्रार्थनेचे महत्त्व विचारले नव्हते, हे आमच्या ध्यानी कधी आले नव्हते. प्रभूनेही ते सांगितले नाही. त्याने शब्द दिले, मग मध्यरात्री भाकरी मागावयास आलेल्या मित्राची गोष्ट सांगितली.

उपदेश आणि शिकवण या शब्दांची आपण सर्रास अदलाबदल करतो. उपदेश हाक देतो. ऐकणाऱ्याने मान डोलवावी किंवा फिरवावी, तिसरा मार्ग नाही. शिकवण शिकणाऱ्याला जमेपर्यंत त्याच्यापाशी थांबते. म्हणूनच शिक्षकाला नापास होता येते. उपदेशकाला ती भीती नाही. लोक बदलले नाहीत तर दोष लोकांचा. आम्ही इतकी वर्षे ही सोयीची जागा का धरून बसलो होतो, ते त्या रात्री पुरते उमगले.

उपदेश टाकाऊ आहे, असे मात्र कोणी समजू नये. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने प्रवचनच केले आणि सुमारे तीन हजार लोकांचा स्नानसंस्कार झाला. परंतु प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात त्याच्या लगेच पुढे लिहिले आहे की, ते लोक प्रेषितांच्या शिक्षणात टिकून राहिले. हाकेला ओ देऊन आलेल्या माणसाला नंतर कोणीतरी हात धरून घरात न्यावे लागते. आपल्या कित्येक धर्मग्रामांत तीन हजारांना हाक मारणारे आहेत. हात धरणारे थोडे, आणि तेही बहुधा रविवारी मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या, कोणी आभार न मानलेल्या भगिनीच असतात.

इसवी सन ४०० च्या सुमारास कार्थेजच्या देओग्राशियस नावाच्या एका डीकनने संत ऑगस्टीनला गाऱ्हाणे कळविले होते: नवागतांना श्रद्धा समजावताना माझे बोलणे मलाच नीरस वाटते. ऑगस्टीनने उत्तरादाखल एक पुस्तकच लिहिले. त्यातील एक सूचना आम्हांस फार मोलाची वाटते. ऐकणारा थकलेला दिसला, तर त्याला बसावयास आसन द्यावे. शक्य असेल तेथे आरंभापासूनच द्यावे. एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण त्याचे लक्ष ऐकणाऱ्याच्या दुखऱ्या पायांकडे होते. शिकविणाराही बसतोच. डोंगरावर शिष्य जवळ आले तेव्हा प्रभू बसला होता. पेत्राच्या होडीतही तो बसूनच लोकांना शिकवीत होता. कॅथेड्रल हा शब्दही बिशपांच्या आसनावरून आला आहे, व्यासपीठावरून नव्हे.

आपल्या मराठीत तर याचा थोर दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले; ओव्या दहा हजारांहून अधिक. ग्रंथाच्या आरंभी सालसेतमधील एक प्रसंग आहे. रविवारी धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण श्रोता पुढे येऊन मागणी करतो, की पूर्वीची पुराणे आम्हांस वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही द्या. त्या काळी पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली होती, जुने ग्रंथ बाळगण्यास बंदी होती. हे आपण लपवू नये. त्या मागणीत एक दुखणे होते. स्टीफन्स यांनी श्रोत्याला गप्प केले नाही, मागणीलाच ग्रंथाचे निमित्त केले. पुढेही श्रोते मध्येच प्रश्न विचारतात आणि पाद्री-गुरू त्यांची उत्तरे देतो. त्यांची कोकणी ‘दौत्रीन क्रिस्तां’ १६२२ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली, तीही प्रश्नोत्तरांचीच. इंग्लंडहून आलेल्या माणसाने ओवी शिकावी आणि आम्ही याच मातीत जन्मून आजींच्या ‘कशी’ला बसचे निमित्त सांगावे!

पुढल्या महिन्यात आम्ही सकाळच्याच बसने खाप्याला गेलो. चटईवर आजींशेजारी बसलो. म्हणालो, “आजी, मलाही नीट येत नाही. आपण दोघे करून पाहू.” मन खाटेपाशी जाते तर जाऊ द्यावे आणि आपणही त्याच्या मागोमाग तेथे जाऊन प्रभूशी तेथूनच बोलावे, असे आम्ही सुचविले. ‘हे आमच्या बापा’ अगदी सावकाश म्हणू लागलो. ‘तुझी इच्छा’ येथे आजी थांबल्या आणि पुढे गेल्या नाहीत. आम्ही त्यांना पुढचे शब्द सांगितले नाहीत. शेजारच्या घरातला माग चालू होता. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “इतलंच होते फादर आज.”

नंतरच्या भेटींत त्या कधी एक ओळ पुढे गेल्या, कधी तेथेच राहिल्या. आमचे प्रवचन आता सात-आठ मिनिटांत संपते. उरलेला वेळ चटईवर जातो. मागच्या खेपेला आजींच्या नातवाने विचारले, आजोबांसाठी इतकी प्रार्थना केली, तरी ते का गेले? आम्ही त्याला आमच्याजवळ बसवून घेतले.