गोडीशेवेचं आइस्क्रीम

दसरा झाला की पाचव्या दिवशी कोजागिरी. गोडीशेव मऊ पडायला नेमके तेवढेच दिवस लागतात, हे आमच्या जव्हारच्या घरातल्या दहाही भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

जव्हारचा दसरा दरबारी. मुकण्यांचं संस्थान 1948 साली विलीन झालं, दसऱ्याचा थाट मात्र गावाने सोडला नाही. पाड्यापाड्यांवरून माणसं यायची, तारपा घुमायचा, कुस्त्या लागायच्या. आमचं लक्ष खाऊच्या पालांकडे. गुळाच्या पाकातली गोडीशेव, रेवड्या, साखरफुटाणे, शेंगदाण्याची चिक्की. प्रत्येकाच्या हातावर आजोबा चार-चार आणे ठेवायचे आणि घरी आल्यावर आजी प्रत्येकाच्या पुडीतला निम्मा खाऊ काढून पितळी डब्यात टाकायची. "कोजागिरीला," एवढंच म्हणायची. त्यावर कोणी रडलेलं मला आठवत नाही.

बर्फ गावात मिळत नसे. तो नाशिकहून एस.टी.ने यायचा, सुमारे 80 किलोमीटर. भाताच्या तुसात पुरलेली, गोणपाटात शिवलेली लादी. त्र्यंबक, मग तोरंगण घाट, मग मोखाडा. मोखाड्याच्या स्टँडवर मामा तुसाची पाटी घेऊन उभे असायचे. गाडी थांबेल तेवढ्या वेळात ओलं झालेलं तूस खरवडून कोरडं भरायचे आणि कंडक्टरला चहा पाजायचे. जव्हारला लादी उतरायची तेव्हा तिचे कोपरे गोल झालेले असायचे. पण निम्म्याहून जास्त बर्फ शिल्लक असायचा, तो मामांच्या तुसामुळे. आइस्क्रीमची पहिली वाटी मामांसाठी झाकून ठेवायची आमची रीत होती. मामा यायचे दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर तिचं दूध झालेलं असायचं आणि ते तेच दूध आनंदाने प्यायचे.

पॉट लाकडी पिंपाचा होता. आत कल्हई केलेला डबा, डब्यात लाकडी पातं, वर लोखंडी हँडल. डब्याभोवती बर्फाचे तुकडे आणि खडे मीठ यांचे थर द्यायचे. मिठामुळे बर्फ शून्याच्याही खाली वितळत राहतो आणि वितळायला लागणारी ऊब डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. हे आम्ही शाळेत पुष्कळ उशिरा शिकलो. आजीला ते हाताने माहीत होतं. पिंपाच्या बाहेरून बोट फिरवून ती सांगायची, "अजून मूठभर मीठ घाला."

म्हशीचं दूध चुलीवर आटवून निम्मं करायचं, साखर बेताची घालायची, वेलची कुटायची आणि दूध पार गार होऊ द्यायचं. गोडीशेव त्यात शेवटी. गरम दुधात गूळ पडला की दूध नासतं. एका वर्षी आम्ही तिघांनी आजीची पाठ वळलेली पाहून घाई केली आणि सगळं पातेलं फाटलं. आजी रागावली नाही. फाटलेलं दूध आटवून तिने त्याचा कलाकंद केला. पण त्या रात्री पॉट फिरला नाही, आणि ती शिक्षा आम्हाला पुरली.

हँडल प्रत्येकाने शंभर वेळा फिरवायचं. लहानांच्या हातात सुरुवातीला, दूध पातळ असताना. घट्ट होत गेलं की थोरल्यांकडे. शेवटी पिंपावर गोणपाट टाकून धाकट्याला वर बसवायचं आणि दादाने दोन्ही हातांनी फिरवायचं. हँडल हलेनासं झालं की आजी झाकणावरचं खारं पाणी धडप्याने तीनदा पुसायची, मगच उघडायची. पाच दिवसांत दमट हवेने मऊ झालेली शेव थंडीत आवळून यायची. दाताखाली आधी गारवा, मग चिवटपणा, मग हळूहळू गुळाची आणि सुंठेची चव. रेवडीतले तीळ मधूनच लागायचे. अंगणात चंद्र डोक्यावर आलेला असायचा आणि दहाही जण गप्प.

आता कोणी ठाण्यात, कोणी नाशकात, दोघी पुण्यात. आजी नाही, मामाही नाहीत. गेल्या कोजागिरीला आठ जण जमलो. माळ्यावरून पॉट काढला, डब्याला कल्हई करून आणली, गळणारं पिंप दोन दिवस पाण्यात बुडवून फुगवलं. बर्फ आता गावातच मिळाला. भाच्याने गोडीशेव वाटेत त्याच दिवशी घेतलेली. ताजी, कुरकुरीत. आइस्क्रीम छान जमलं, मुलांनी परत परत मागितलं. पण आम्ही आठ जण चमचा तोंडात धरून एकमेकांकडे बघत होतो.

ताईने एक शब्द न बोलता उरलेली शेव परातीत पसरली आणि खिडकीत, वाऱ्याला ठेवली.