पंचवीस मिलिमीटर

आमचे हे गेले, आणि घरातल्या बहुतेक वस्तूंची सोय लागली. कपडे गरजूंना दिले, घड्याळ मुलाने नेलं. राहिली ती दारातली क्रूझर. "आई, विकून टाक," असं मुलगा पुण्याहून दर रविवारी सांगायचा. नणंदबाईंचं वेगळंच, "वहिनी, हे काय वय आहे का तुमचं!"

वय बावन्न. पण वीस वर्षं मी टिळकवाडीत स्कूटर चालवली आहे. शिवाय क्रूझरची सीट इतकी खाली असते, की माझ्यासारख्या पाच फुटी बाईचेही दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात. गियर हातात बसायला पंधरा दिवस लागले, एवढंच.

शिकले खरी, पण गाडी मला आपलं म्हणेना. रेल्वे गेटचे रूळ ओलांडताना हँडल मनगटांना असा दणका द्यायचं, की दात वाजायचे. एकदा किल्ल्यातल्या कमल बस्तीचं दर्शन घेऊन परतत होते. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं म्हणून थोडी घाई केली, आणि स्पीड ब्रेकरवर पुढचं चाक क्षणभर उचललंच गेलं. पडले नाही, पण रात्री मनगट सुजलं. वाटलं, लोक म्हणतात तेच खरं. गाडी त्यांची होती, आपली नव्हे.

विकायच्या आधी एकदा दाखवावी, म्हणून खानापूर रोडवरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने जॅक लावून पुढचं चाक अधांतरी केलं आणि फोर्कच्या चकचकीत नळीवर प्लॅस्टिकची पट्टी बांधली. मग गाडी खाली घेतली. "बसा की ओ अक्का, हळू बसा." मी बसले, हळूच उतरले. पट्टी किती सरकली ते त्याने पट्टीने मोजलं. तेरा मिलिमीटर.

मैत्रिणींनो, मलाही तोवर ठाऊक नव्हतं, म्हणून सांगते. पुढचं चाक दोन पायांवर उभं असतं. प्रत्येक पायात एक स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग भार घेते, तेल तिच्या उड्या आवरतं. माझ्या गाडीच्या पायांची सगळी चाल १४० मिलिमीटरची. माणूस बसल्यावर तिचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे ३५ ते ४५ मिलिमीटर, पाय खाली बसायला हवेत. तेवढी जागा राखलेली असली, तरच खड्डा आल्यावर चाक त्यात उतरून रस्ता धरतं. नसली, तर सगळा धक्का हातांवर.

"आधी कोण चालवत होतं ओ?"

"आमचे हे. अठ्ठ्याऐंशी किलो."

"आणि तुम्ही?"

"एक्कावन्न."

तो नुसता हसला. टोपण दाबून धरत सावकाश उघडलं, कारण खालून स्प्रिंग रेटत असते. स्प्रिंगच्या डोक्यावर करड्या पाइपचा एक तुकडा निघाला, दुसऱ्या पायातही तसाच. पंचवीस-पंचवीस मिलिमीटरचे. मी लगेच ओळखले. मोरीच्या कामातून उरलेला तो पाइप. गच्चीवर बसून यांनी करवतीने कापला होता, कडा पॉलिश पेपरने घासल्या होत्या, आणि भुसा माझ्या पापडांवर उडाला म्हणून मी दिवसभर बोलले नव्हते. "ब्रेक मारला की गाडी नाक खुपसते गं," म्हणाले होते. आम्ही दोघं, वर बॅग, असे निपाणीजवळ स्तवनिधीला जायचो. त्या भाराला ते तुकडे बरोबरच होते. पेन्सिलची खूण अजून दिसत होती.

मेकॅनिक म्हणाला, "तुकड्यानं स्प्रिंगला ताकद येत न्हाई, अक्का. ती आधीच दाबून ठेवल्यासारखी होतीया. तुमच्या वजनाला ती हलणार कुठली?" तेलही यांनी दहा नंबरच्या जागी वीस नंबरचं, घट्ट घातलेलं. घट्ट तेल बारीक भोकांतून सावकाश जातं. लागोपाठ खड्डे आले की स्प्रिंग पुरती वर यायच्या आतच दुसरा दणका बसतो. आपल्याला वाटतं, कडक म्हणजे मजबूत. तसं नसतं.

जुनं काळं तेल तो गटारात ओतायला निघाला. मी अडवलं, "किती जीव जातील! डब्यात भरा." दोन्ही ऑइल सील नवे बसवले. स्प्रिंग बाहेर, पाय पूर्ण दाबलेले, अशा स्थितीत नवं तेल भरून दोन्हीकडे पातळी सारखी मोजली. तुकड्यांशिवाय पाय जोडले. पुन्हा बसले. सदतीस.

परतताना मुद्दाम रेल्वे गेटवरून आले. रूळ लागले, गाडी जराशी खाली गेली आणि सावकाश वर आली. हँडल हातात शांत होतं. मला मात्र गाडी कडेला घेऊन डोळे पुसावे लागले.

हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं. पण आपलं वजन आधी मोजायला सांगावं. घरात पुष्कळ गोष्टी दुसऱ्याच्या वजनाला बसवलेल्या असतात, आणि दुखतं तेव्हा आपण आपल्याच मनगटाला बोल लावतो.

"हे टाकू का?" मेकॅनिकने तुकडे दाखवत विचारलं होतं. महिला मंडळात अपरिग्रहावर मी दोनदा बोलले आहे. तरीही कागदात गुंडाळून घरी आणले. मुलाचं वजन ऐंशीच्या पुढे आहे. दिवाळीला तो आला की लागतील, असं मी स्वतःला सांगते.