पंचाची सही

आमच्या गेवराई तालुक्यातली कितीतरी गावं दसरा-दिवाळीनंतर ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेस्तोवर ऊस तोडायचा. एक दिवस खाडा पडला की मजुरी जाते, वर दंड बसतो. बीड जिल्ह्यात इतक्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, त्यामागे पाळीमुळं पडणारा हा खाडाही आहे. 2019 साली नीलम गोऱ्हे समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींचं हे ऑपरेशन झालेलं आढळलं. तो आकडा वाचल्यावर प्रार्थनेला बसलो, तर शब्द फुटेना.

अशाच एका जोडप्याच्या हिशोबाला मला पंच म्हणून बोलावलं. ऑपरेशननंतर बाई अंथरुणाला खिळली होती, ते सगळे खाडे दंडासकट उचलीत चढवलेले. मुकादमाच्या पाठीशी आमच्या भागातले एक बडे पुढारी होते, त्यांना सगळे आबा म्हणतात. माझा मुलगा त्यांच्याच संस्थेत शिक्षक.

आबांनी कागद पुढं सरकवला. ‘गुरुजी, हिशोब समजला, मान्य आहे, एवढंच लिहिलंय. तुमची सही असली की कुणी बोलायचं नाही.’

बाई पायरीवर बसली होती, एक हात पोटावर. तिला कुणी काही समजावलं नव्हतं.

मी ख्रिस्ती. नाथान संदेष्ट्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. त्यानं दावीद राजाची निंदा चावडीवर केली नाही. थेट राजापुढं गेला, गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि बोट राजाकडंच केलं. फादर दिब्रिटोही आठवले. वसईत बिल्डरांच्या आणि गुंडांच्या विरोधात ते उभे राहिले. 2020च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. आजारी होते, तरी आले आणि देशातल्या हिंसेविरुद्ध स्पष्ट बोलले.

छाती धडधडत होती. म्हणालो, ‘आबा, माझ्या देवापुढं मला हे खरं म्हणता येणार नाही. तिला विचारा, किती दिवस उठली नव्हती. आजारपणाचा दंड घेणं हे पाप आहे, आणि ते तुमच्या नावावर होतंय.’

‘पोराचा विचार करा, गुरुजी.’

‘केला. म्हणूनच सही करत नाही.’

ओसरीवर कुणी हललं नाही. आबांनी बाईला जवळ बोलावलं आणि विचारलं. ती आधी घाबरत, मग भडाभडा बोलली. दंड त्याच दिवशी खोडला गेला. मूळ उचल मात्र तशीच राहिली, आणि दसऱ्यानंतर दोघं पुन्हा कारखान्याच्या वाटेला लागली. तिची तब्येत कोयता धरण्यासारखी नव्हती. त्यावरून आबांशी माझं अजून भांडण चालू आहे.